मंडईच्या दिवशी मामाले घेऊन ये

लहानू बारसागडेने सरळ तोंड उघडून नोकरी मागितली असती, तर पुढचा घोळ झालाच नसता. चार ठिकाणी 'नाई' ऐकलं असतं, घरी येऊन भात खाल्ला असता आणि पालथा पडून झोपला असता. पण त्याला शहाणपण शिकवलं आयटीआयतल्या गिरडकर सरांनी. माणूस भला, पण त्यांची बहीण मुंबईला राहायची, आणि तिकडे जाऊन आले की सरांच्या डोक्यात काहीतरी नवीन भरलेलं असायचं. त्या वर्षी त्यांनी लहानूला समोर बसवून सांगितलं की नोकरी मागू नकोस. नोकरी मागितली की समोरच्याला नाही म्हणावं लागतं आणि तो तुला टाळायला लागतो. तू फक्त बोलायला वेळ माग. तुमच्या ऑफिसात काम कसं चालतं, माणूस घेताना काय बघतात, माझं काय कच्चं आहे, आणखी कोणाला भेटू, एवढंच विचार. बोलायला कोणी नाही म्हणत नाही.

सरांचं खरंच असेल बाप्पा, पण ते मुंबईत. इथे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत कोणी कोणाकडे नुसतं बोलायला जातो काय?

लहानूला मात्र ते पटलं, कारण पटवून घेण्याशिवाय त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. दोन वर्षं तो एका धरणाच्या विभागात ट्रेसर होता. मूळ नकाशावर पारदर्शक कापड ताणायचं आणि शाईनं त्याची हुबेहूब नक्कल उतरवायची, हे त्याचं काम. हात इतका स्थिर की साहेब लोक उभे राहून बघायचे. मग जंगलखात्याच्या मंजुरीवाचून धरणच अडकलं आणि टेंपरवारी माणसं घरी गेली. वडशाला त्याची आई गिरजाबाई राइस मिलमध्ये तांदूळ पाखडायची. कोंड्यानं तिची छाती भरली होती, रात्रभर खोकायची. मिलवाल्यानं सांगून टाकलं होतं की संक्रांतीनंतर बाईला ठेवत नाही, पाहिजे तर तिच्या जागी पोराला पाठवा, पोती उचलायला. लहानूला कष्टाची लाज नव्हती. पण पोती उचलून उचलून कापणाऱ्या हातात पुन्हा शाईचं पेन धरवत नाही, हे त्याला ठाऊक होतं. गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन दोन वर्षं होत आली होती, नवीन ऑफिसं निघत होती, आणि त्यातल्या एका ऑफिसात ट्रेसरची एक जागा भरायची होती. एकच. ती मिळाली तर पेन, नाही तर पोतं.

म्हणून तो ओळखीच्या माणसांकडे 'नुसतं बोलायला' हिंडू लागला. चंद्रपूरला धरणावरच्या एका जुन्या ओव्हरसियरकडे गेला. त्याला वाटलं हा कोणीतरी पाठवलेला खबऱ्या आहे. त्यानं चहा पाजला आणि न विचारता सांगून टाकलं की धरणावरून गायब झालेल्या सिमेंटशी माझा काही संबंध नव्हता. वरोऱ्याला एक ठेकेदार होता, तो तासभर वाट पाहत बसला की हा आता विम्याचे कागद काढील, मग काढील. एकानं तर बायकोला आत सांगितलं की पोराचं डोकं फिरलं वाटते, त्याले भात देऊन लावून दे. आणि जो तो निघताना एकच शब्द हातावर ठेवायचा, 'कळवतो.' महिना-दोन महिने लहानू तो शब्द घेऊन पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसला. कोणी कळवलं नाही. कळवणार नव्हतंच, हे त्याला उशिरा उमगलं, आणि त्याचा फार राग आला.

शेवटी राहिले वामनराव उंदिरवाडे. धरणाच्या विभागात ते हेड ड्राफ्ट्समन होते, आता त्याच गडचिरोलीच्या ऑफिसात आले होते. समाजातलेच, कडक माणूस, उगाच हसायचे नाहीत, पण लहानूची रेघ त्यांना आवडायची. लहानू एस.टी.नं गडचिरोलीला गेला आणि दुपारी ऑफिसच्या पडवीत त्यांना गाठलं. जय भीम घातला. मग सरांनी घोकून घेतलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं, "भाऊ, मी नोकरी मांगाले नाई आलो. तुमच्यासंग एकट्यात दोन गोष्टी बोलाच्या होत्या. तुम्हाले सवड असन तवा."

आता तुम्हीच सांगा. लग्नाच्या वयाचा, शिकलेला, समाजातला पोरगा. समोर मोठा माणूस, त्याच्या घरी उपवर मुलगी. आणि पोरगा म्हणतो, नोकरीचं नाही, एकट्यात बोलायचं आहे, आणि बोलताना कानापर्यंत लाल होतो. वामनरावांनी काय समजायचं?

वामनरावांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मूळ गाव विचारलं, बाप कधी गेला ते विचारलं, मामा काय करतो ते विचारलं. लहानूला वाटलं, खात्रीचा माणूस बघून राह्यले. मग ते हळू आवाजात म्हणाले, "इथी हाफिसात अशा गोष्टी होत नसते. आमच्या गावची मंडई आहे दिवाळी झाल्यावर. त्या दिवशी घरी ये. मामाले घेऊन ये."

लहानू हवेत तरंगतच परत आला. घरी बोलावलं म्हणजे दिलदार माणूस, असं त्यानं आईला सांगितलं. मंडई, मामा, घरी बोलावणं, हे ऐकून गिरजाबाईच्या हातातलं सूप थांबलं. वामनरावाले पोरी किती, एवढंच तिनं विचारलं. लहानू म्हणाला मले काय माहीत, मी कायले विचारू. ती गालातल्या गालात हसली आणि ट्रंकेतून त्याचा इस्तरीचा शर्ट काढून दिला. झाडीपट्टीत मंडईला गावोगावचे सोयरे जमतात, दुकानं लागतात, रात्री नाटक होतं आणि दिवसा पोरी दाखवल्या जातात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण लहानूचं डोकं त्या चार प्रश्नांनी इतकं गच्च भरलं होतं की तिथे दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

मंडईच्या दिवशी मामा-भाचे सायकलवर डबलसीट निघाले. रामाजीमामा रेल्वेत गँगमन, बोलका माणूस, पाठीमागे बसून सगळ्या रस्त्याभर धानाच्या पिकावर टीका करत होता. लहानू मनातल्या मनात प्रश्न घोकत होता.

वामनरावांच्या अंगणात सडा होता, ओसरीवर नवी सतरंजी होती, आणि तिच्यावर एकटे वामनराव नव्हते. त्यांचे थोरले भाऊ नथ्थूजी होते, दोन साळे होते, आतून बायकांच्या बांगड्या वाजत होत्या. पाय धुवायला पाणी आलं. लहानू बिचकला. माहिती द्यायला एवढी माणसं कशाला? पण मग स्वतःशीच म्हणाला, सणाचा दिवस आहे, असतील पाहुणे. नथ्थूजींनी रामाजीला शेती किती, घर स्वतःचं का, बहिणी किती उरल्या, असं सगळं विचारलं. रामाजी उत्तरं देता देता एकदम ताठ बसला. त्याच्या डोक्यात उजेड पडला होता. लहानूच्या नाही.

लहानूनं घसा साफ केला आणि पहिला प्रश्न टाकला, की तुमच्या ऑफिसात सध्या कोणत्या नकाशांचा जोर आहे. नथ्थूजी खूश झाले, म्हणाले पोट्टा कामाचा आहे, आल्या आल्या कामाचं विचारते. वामनरावही थोडे सैल झाले. त्यांनी सांगितलं की ट्रेसरची परीक्षा महिन्याभरात आहे, निवड करणाऱ्या कमेटीवर मी स्वतः बसणार आहे, आणि रेघ तुझ्यासारखी कोणाची नाही हे मी तिथे सांगू शकतो. घरच्या माणसासाठी माणूस एवढं करतेच. लहानू मनात म्हणाला, मिळाली. जागा मिळालीच समजा. 'घरच्या' हा शब्द त्याच्या कानावरून गेला, पण आनंदात माणूस सगळे शब्द कुठे मोजतो?

तेवढ्यात पडदा हलला आणि पोह्यांच्या बश्यांचा ट्रे घेऊन एक मुलगी बाहेर आली. हिरवं पातळ, डोक्यावरून पदर, नजर जमिनीवर. रामाजीनं लहानूच्या बरगडीत कोपर मारलं. मुलीनं पहिली बशी लहानूपुढे धरली, आणि त्या बशीकडे बघताना त्याला कळलं. सगळं एकदमच कळलं, पडवीतला तो प्रसंग, मामाले घेऊन ये, आईचं हसणं. हाताला इतका कंप सुटला की बशीतले चार दाणे सतरंजीवर सांडले. याच हातानं तो अख्खं धरण न थरथरता काढायचा.

वामनराव म्हणाले ही आमची रुखमा, विचारा काय विचाराचं ते. काहीतरी विचारायला पाहिजे म्हणून लहानूनं शिक्षण विचारलं. बारावी झाली, आन् मंग नागपूरले, असं ती सांगायला लागली, तर वामनरावांनी मध्येच तोडलं की बास, स्वयंपाकपाणी सारं येते तिले. रुखमानं एकदा बापाकडे पाहिलं. ती नजर लहानूला दिसली, पण तिचा अर्थ लागला नाही. त्याला स्वतःचंच पडलं होतं.

नथ्थूजींनी मग रीतीप्रमाणे विचारलं, "मंग काय म्हणता पावने? पोरगी पाह्यली."

रामाजी लहानूच्या कानाला लागला. बोलका माणूस, पण त्या घडीला फार मोजकं बोलला. "हो म्हणू नोको, नाई म्हणू नोको. कळवतो म्हण. परीक्षा होऊ दे, जागा हाती येऊ दे. मंग पाहू."

आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काय होतं? सगळेच पावणे तसं म्हणतात. घरी विचारून कळवतो, म्हातारीले दाखवून कळवतो. महिनाभर वामनराव आशेवर राहिले असते, कमेटीत बोलले असते, लहानूच्या हाती पेन आलं असतं, आईच्या छातीतला कोंडा थांबला असता. पुढचं पुढे. लहानूनं 'कळवतो' म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. पण समोर ती मुलगी रिकामा ट्रे घेऊन उभी होती, कोणी जा म्हणेपर्यंत तिला जाता येत नव्हतं, आणि ती कशी उभी होती ते लहानूला नीट ठाऊक होतं. तो स्वतः महिनोन् महिने पडव्यांमधून तसाच उभा राहिला होता. हो पण नाही आणि नाही पण नाही, फक्त कळवतो. तो शब्द त्याच्या जिभेवर आला आणि त्याला त्याची किळस आली.

"भाऊ, माही चूक झाली," तो वामनरावांना म्हणाला. "मी सोयरिकीसाठी नव्हतो आलो. मले खरंच नुसतं तुमच्या हाफिसातल्या कामाबद्दल विचाराचं होतं. तुमचा समज काय झाला ते मले आत्ता, ही पोह्याची बशी हाती आल्यावर समजलं. पोरीत काई खोट नाई. पण मी लग्नाचं मनात धरून नाई आलो, आन् जागेसाठी तुम्हाले झुलवत ठेवणं मले जमनार नाई."

आतल्या बांगड्या थांबल्या. रामाजीनं कपाळाला हात लावला. मग नथ्थूजी उसळले. मंडईच्या दिवशी, साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत आमच्या घरी येऊन पोरीचा तमाशा करता, नुसतं बोलाले आलो म्हणता, असं कोणी नुसतं बोलाले येते काय कोणाच्या घरी, तंगडं तोडून हातात देईन. एक साळा उठून उभा राहिला. दारात वामनरावांची बायको सुगंधाबाई आली, तिच्या डोळ्यांत पाणी आणि राग दोन्ही होतं. लहानू मान खाली घालून बसला. त्याची चूक होती, हे त्याला मान्य होतं, म्हणून तर जास्त लागत होतं.

वामनरावांनी हात वर केला. नथ्थूजी थांबले. वामनरावांचा चेहरा ऑफिसातल्यासारखा झाला होता, कडक.

"जे विचाराले आला ते विचार," ते म्हणाले.

लहानूला कळेना. ते पुन्हा म्हणाले की मी तुले बोलाले बोलावलं होतं, तू आला, आता विचार. माझा शब्द मी खाली पडू देत नाही.

अशी शिक्षा कोणी कोणाला दिली नसेल. भोवती खवळलेले सोयरे, समोर सांडलेले पोहे, आणि लहानू एकेक प्रश्न विचारतो आहे. परीक्षेत काय काढायला देतात, त्यानं विचारलं. वामनरावांनी कोरड्या आवाजात, काही हातचं न राखता सांगितलं. कालव्याचा उभा छेद देतात, वेळ कमी देतात, घाई करणारा शाई सांडतो आणि तिथेच बाद होतो. माणूस घेताना काय बघतात? अक्षर. रेघ सगळ्यांची बरी असते, नकाशावरचं अक्षर बिघडतं. माझं काय कच्चं आहे? तुझे आकडे कच्चे आहेत, तीन आणि पाच सारखे दिसतात, धरणावर मी दोनदा सांगितलं होतं. लहानू मान हलवत होता. सुगंधाबाईनं डोळे पुसले. साळा हळूच खाली बसला. रुखमा अजून तिथेच उभी होती, भिंतीला टेकून, आणि एकेक शब्द ऐकत होती.

शेवटचा प्रश्न राहिला होता, आणखी कोणाला भेटू हा. तो विचारायची लहानूची हिंमत झाली नाही. त्याच्या तोंडून दुसरंच निघालं, की या जागेसाठी माझ्यापेक्षा सरस असं कोणी आहे काय.

वामनरावांनी नथ्थूजींकडे पाहिलं, मग अंगणाकडे पाहिलं.

"आहे," रुखमा म्हणाली. "मी."

सुगंधाबाई तिला गप म्हणाली. ती गप झाली नाही. ट्रे तिनं खाली ठेवला आणि डोक्यावरचा पदर सावरता सावरता लहानूकडे सरळ बघून बोलली, "मी नागपूरले ट्रेसरचाच कोर्स केला. या जागेसाठी माहं नाव दिलं होतं. माहं नाव असलं तं बाबाले कमेटीवर बसता येत नाई. तुम्ही पडवीत बोलून गेले, आन् त्याच दिवशी बाबानं मले सांगितलं, एका घरात एक नोकरी पुरे, जवायाले लागू दे, तू नाव काढून घे. उद्या काढाचं होतं."

लहानूनं वामनरावांकडे पाहिलं. वामनराव सतरंजीची घडी सरळ करत होते, जिथे घडी नव्हतीच तिथे.

"बाबा, आता मी नाव काढत नाई," रुखमा म्हणाली.

बाहेर मंडईतला पाळणा करकरत होता, पोरं ओरडत होती. नथ्थूजी काहीतरी पुटपुटले, पण वामनरावांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ते पोरीकडे बघत राहिले, आणि शेवटी कोणाकडेच न बघता म्हणाले की बरं, मग मी कमेटीवर नाही.

म्हणजे लहानूच्या बाजूनं बोलणारा एकमेव माणूस कमेटीतून उठून गेला, आणि त्या एका जागेसाठी समोर एक पक्की तयारीची मुलगी येऊन बसली. हे सगळं त्यानं स्वतःच्या तोंडानं घडवलं होतं. रामाजीमामा नंतर वडशापर्यंत हेच म्हणणार होता, की दोन्ही हातांत लाडू होते आणि तू दोन्ही हात झटकले. लहानूला भीती वाटत होती. मिल दिसत होती, पोती दिसत होती, आईचा खोकला ऐकू येत होता. पण त्या भीतीच्या खाली कुठेतरी हायसं वाटत होतं, आणि असं हायसं त्याला नोकरी गेल्या दिवसापासून वाटलं नव्हतं.

तो उठला. वामनरावांना जय भीम केला. त्यांनीही केला, हात पूर्ण वर न नेता, पण केला. पायरीशी चप्पल घालताना मागून रुखमा आली. पोह्यांची बशी तिच्या हातात होती, त्याचीच, अर्धी राहिलेली.

"हे खाऊन जा," ती म्हणाली. "नाई तं आमच्या घरून उपाशी गेले म्हणान."

लहानूनं उभ्या उभ्या पोहे खाल्ले. काही चव लागली नाही. बशी परत देताना तो म्हणाला, "मी परीक्षेले येतो. जागा तुमच्यासाठी सोडनार नाई."

"नोका सोडू," ती म्हणाली. "मले सोडून दिलेली जागा नाई पायजे."